चेंबर कुणाच्या हद्दीत?

नवी मुंबईतल्या नेरूळच्या जुन्या सिडको वसाहतींत एक तक्रार बारमाही असते: चेंबर भरलं. तळमजल्याच्या मोरीतून पाणी उलटं वर येतं, दारापुढे घाण पसरते, वास खिडकीतून आत शिरतो. घरातली कर्ती बाई पहिला फोन नगरसेवकाला किंवा त्याच्या कार्यालयात बसणाऱ्या कार्यकर्त्याला लावते. ‘दादा, जेट मशीन पाठवा, सकाळपासून घरात पाऊल ठेवता येत नाही.’

मशीनची गाडी आली की सोबतचा माणूस नळी सोडण्याआधी एक प्रश्न विचारतो. चेंबर आतलं की बाहेरचं?

या एका प्रश्नावर नगरसेवकाचं निम्मं काम उभं आहे. सिडकोने ऐंशी-नव्वदच्या दशकांत नेरूळमध्ये अल्प उत्पन्न गटासाठी जी घरं बांधली, त्यांतल्या काही वसाहतींत पुढे सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या, तर काही ‘कंडोमिनियम’ म्हणून राहिल्या. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा १९७० चा. त्याच्या चौकटीत वसाहतीच्या आतले रस्ते, गटारं, मलवाहिन्या आणि दिव्यांचे खांब ही घरमालकांची सामाईक मालमत्ता ठरते. म्हणजे वसाहतीच्या हद्दीबाहेर, सार्वजनिक रस्त्याखालून जाणारी मलवाहिनी महापालिकेची, पण त्याच वाहिनीला येऊन मिळणारी आतली लाइन रहिवाशांची. चाळीस वर्षांपूर्वी घातलेले चिनी मातीचे पाइप फुटलेले, त्यांत झाडांची मुळं शिरलेली, वरून मूळच्या छोट्या घरांवर मजले चढलेले. ही लाइन बदलायला जो खर्च येतो तो पंधरा-वीस कुटुंबांच्या असोसिएशनला झेपत नाही. महापालिकेने तो केला तर खासगी जागेत सार्वजनिक पैसा घातला म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. रहिवासी म्हणतात, मालमत्ता कर आम्हीही भरतो. त्यांचं म्हणणं रास्तच आहे. कंडोमिनियमच्या आतली कामं महापालिकेने करावीत ही मागणी नवी मुंबईच्या सभागृहात वर्षानुवर्षं झाली आहे, आणि ती सतत लावून धरणारी माणसं म्हणजे त्या त्या प्रभागांतले नगरसेवक.

नगरसेवक म्हणजे रस्ता बांधणारा, पाणी देणारा, कचरा उचलणारा, असं आपण बोलण्याच्या ओघात समजतो. कायद्याने त्याच्या हातात यातलं काहीही नाही. एका सफाई कामगाराची बदली करण्याचाही अधिकार त्याला नाही. त्याच्याकडे आहे ते एवढंच: कोणती तक्रार कुणाच्या दारात न्यायची याची माहिती, ती नोंदवून घेण्याचा हक्क आणि सभागृहात एक मत. या तीन गोष्टी नीट वापरल्या तर काय घडतं आणि त्या नसल्या तर काय होतं, हे समजून घ्यायला नेरूळसारखं ठिकाण नाही.

मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. त्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नोड आखले गेले, नोडांचे सेक्टर पडले. नेरूळ हा त्यांतला मोठा नोड. पण नकाशा आखला तेव्हा ही जमीन रिकामी नव्हती. शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे आणि खुद्द नेरूळ गाव, अशी आगरी-कोळ्यांची गावं इथे आधीपासून होती, शेती आणि मासेमारीवर जगत होती. आज या गावठाणांच्या गल्ल्या आणि शेजारच्या सेक्टरांचे रुंद रस्ते एकाच प्रभागात मोडतात. गावठाणात प्रश्न असतो गरजेपोटी बांधलेल्या घरांचा, अरुंद गल्लीत न शिरणाऱ्या घंटागाडीचा, सारसोळ्याच्या जेट्टीवर होड्या लावण्याच्या जागेचा. सेक्टरात असतो पार्किंगचा, गळणाऱ्या स्लॅबचा, पुनर्विकासाचा. एकाच माणसाने दोन्हींकडे उभं राहायचं असतं.

नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली आणि पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. शहर आधी, महापालिका नंतर, असा हा उलटा क्रम. त्यामुळे इथे जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याने दिलेली, आणि तिच्यावरचा रस्ता महापालिकेचा, अशी विभागणी पडली. रेल्वे स्थानकांच्या इमारती सिडकोने उभारल्या, गाड्या मध्य रेल्वे चालवते. वीज महावितरणची, स्वयंपाकाचा पाइप गॅस महानगर गॅसचा, खाडीकाठचं कांदळवन वन विभागाच्या देखरेखीखाली. नेरूळ स्थानकाबाहेर पाणी साचलं तर ते कुणाच्या फरशीवर साचलं हे आधी ठरवावं लागतं. रात्री रस्त्यावरचा दिवा गेला तर महापालिका आणि सोसायटीतली वीज गेली तर महावितरण, हे माहीत असलेला माणूस शेजारी असणं ही मोठी सोय आहे. चांगल्या नगरसेवकाच्या कार्यालयात या सगळ्या खात्यांच्या कनिष्ठ अभियंत्यांचे नंबर असतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या अभियंत्याकडे कोणत्या सेक्टरचं काम आहे हे ठाऊक असतं.

आता एखादं काम कसं होतं ते पाहू. समजा, एका सेक्टरच्या अंतर्गत रस्त्यावरचं पावसाळी गटार खचलं आहे. रहिवासी अर्ज देतात, नगरसेवक आपलं पत्र जोडून तो नेरूळ विभाग कार्यालयात देतो. अर्जावर आवक क्रमांक पडतो. हा क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये, हे जुने कार्यकर्ते नव्यांना पहिलं शिकवतात, कारण क्रमांक नसलेला अर्ज कुणालाच सापडत नाही. कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, मोजमाप घेतो. किरकोळ असेल तर देखभाल-दुरुस्तीच्या चालू कंत्राटातून चार दिवसांत झाकण बसतं. गटार नव्याने बांधायचं असेल तर प्राक्कलन तयार होतं, ते उपअभियंता, कार्यकारी अभियंता आणि शहर अभियंता असं वर चढतं. प्रशासकीय मान्यता लागते, तांत्रिक मान्यता लागते, अर्थसंकल्पात त्या कामाच्या लेखाशीर्षाखाली तरतूद आहे का हे लेखा विभाग पाहतो. मग निविदा. ठरावीक रकमेपुढचं कंत्राट असेल तर प्रस्ताव स्थायी समितीपुढे. समितीने मंजूर केला की कार्यादेश, आणि मगच रस्त्यावर खड्डा खणणारा माणूस दिसतो. ही साखळी सरळ चालली तरी महिने लागतात, आणि ती सरळ क्वचित चालते. फाइल कुठल्या तरी टेबलावर थांबते, कुणी रजेवर जातं, निविदेला प्रतिसाद येत नाही.

फाइल थांबली आहे हे ज्याला कळतं आणि जो त्या टेबलापर्यंत जाऊन विचारतो, तो नगरसेवक. यालाच ‘पाठपुरावा’ म्हणतात. निवडणुकीच्या पत्रकांवर हा शब्द इतका छापला गेला आहे की वाचणाऱ्याच्या मनात तो उरत नाही. प्रत्यक्षात ते अतिशय कष्टाचं आणि कंटाळवाणं काम आहे. त्याचा फोटो निघत नाही. भूमिपूजनाचा निघतो.

हे सगळं ज्या कायद्यावर चालतं तो १९४९ चा. पूर्वी त्याला मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत: गटारं, सफाई, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, रस्ते, प्राथमिक शाळा, दवाखाने, स्मशानं. ती कुणी पार पाडायची? अंमलबजावणीचे सगळे अधिकार आयुक्ताकडे. आयुक्त राज्य सरकार नेमतं, बहुधा भारतीय प्रशासन सेवेतला अधिकारी. निवडून आलेल्या सभागृहाकडे धोरण ठरवणं, अर्थसंकल्प मंजूर करणं आणि जाब विचारणं एवढं राहतं. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि दरवर्षी निम्मे निवृत्त होतात, म्हणजे पैशाच्या मंजुरीच्या टेबलावर बसण्याची संधीही फिरती. महापौराला मान मोठा, अधिकार थोडे. ही रचना इंग्रजांच्या काळातल्या मुंबईच्या कायद्यातून आली. स्वातंत्र्यानंतर खासदार-आमदारांचं सरकार झालं, पण शहराच्या पातळीवर निवडून आलेल्या माणसाच्या हातात कारभार आजही नाही.

मग नगरसेवकाकडे हत्यारं कोणती? लेखी प्रश्न, लक्षवेधी, ठराव आणि अर्थसंकल्पावरची उपसूचना. आयुक्त अर्थसंकल्पाचा मसुदा स्थायी समितीला सादर करतात, समिती बदल सुचवून तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवते. आपल्या सेक्टरातल्या गटाराला या टप्प्यावर एक ओळ मिळाली नाही तर पुढचं वर्षभर कितीही पत्रं लिहिली तरी उत्तर एकच येतं: निधीची तरतूद नाही. नागरिकांची सगळी ओरड पावसाळ्यात असते आणि पैशाचा निर्णय फेब्रुवारीत होतो. हे अंतर भरून काढणं हे नगरसेवकाचं सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं काम आहे, असं मला वाटतं. पुण्याने २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाचा प्रयोग केला, ज्यात नागरिक आपल्या भागातली कामं स्वतः सुचवतात. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये ही वाट दाखवली होती. बाकीच्या बहुतेक शहरांत हा निरोप पोचवणारा दुवा अजून नगरसेवकच आहे.

अंदाजपत्रकातल्या एका मताचं वजन किती असू शकतं याचं उदाहरण आपल्याकडे फार जुनं आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेच्या तिजोरीतून खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्याला विरोध करणारे ते एकटे होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा असं त्यांचं म्हणणं होतं. प्रस्ताव मंजूर झाला. विरोध मात्र इतिवृत्तात राहिला, म्हणूनच दीडशे वर्षांनी आपण त्याच्याविषयी बोलू शकतो. दुसरं उदाहरण मृणाल गोरे यांचं. १९६१ मध्ये गोरेगावातून त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि उपनगरातल्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून त्यांनी महापालिकेत आणि रस्त्यावर अशी झुंज दिली की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पुढे त्या आमदार झाल्या, खासदार झाल्या. ओळख राहिली ती नगरसेविका म्हणून केलेल्या कामाची.

नेरूळला पाण्याची तशी ददात नाही. नवी मुंबई महापालिकेने खालापूर तालुक्यातलं, धावरी नदीवरचं मोरबे धरण विकत घेतलं, आणि स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या देशातल्या मोजक्या महापालिकांत तिची गणना झाली. इथे नगरसेवकाचा फोन पाण्यासाठी वाजतो तो जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी चोवीस तास पुरवठा बंद असतो तेव्हा, किंवा शेवटच्या टोकाच्या इमारतीत दाब कमी पडतो तेव्हा.

नेरूळच्या नगरसेवकाची खरी परीक्षा घेणारं पाणी नळाचं नाही, आभाळातलं आणि खाडीतलं आहे. हा विषय जरा सावकाश सांगायला हवा, कारण दरवर्षी जून-जुलैत ‘नालेसफाई झाली नाही’ या एका वाक्यात तो गुंडाळला जातो.

पाम बीच रस्त्याच्या आसपासचा बराच भाग खाजण आणि मिठागरांवर भराव घालून तयार झाला. मोठ्या भरतीच्या वेळी खाडीच्या पाण्याची पातळी यातल्या काही भागापेक्षा वर जाते. सिडकोच्या अभियंत्यांनी यासाठी हॉलंडमधल्या पद्धतीचा आधार घेतला: धारण तलाव. शहरातले पावसाळी नाले थेट खाडीत न सोडता काठावरच्या मोठ्या तलावात आणायचे. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये एकाच दिशेने उघडणारी दारं बसवायची. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या रेट्याने दारं बंद होतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठत राहतं. ओहोटी लागली की तलावाची पातळी वर राहते, दारं उघडतात आणि साठलेलं पाणी खाडीत निघून जातं. पंप नाही, वीज नाही. भरती-ओहोटीच सगळं काम करते. नेरूळमध्ये ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या फेरफटका मार्गावर रोज हजारो पावलं पडतात. तो रम्य जलाशय असाच एक धारण तलाव आहे.

पद्धत उत्तम, पण ती तलावाच्या पोटात जागा असेल तोवरच चालते. नाल्यांबरोबर माती येते, बांधकामांचा राडारोडा येतो, प्लास्टिक येतं. गाळ चढत जातो. दारं झिजतात, त्यांच्या फटींतून खारं पाणी आत येतं. खारं पाणी आणि गाळ एकत्र आले की तिथे कांदळवन रुजतं. नवी मुंबईतल्या अनेक धारण तलावांत तेच झालं. आणि कांदळवन रुजल्यावर प्रश्न महापालिकेच्या हातातून जातो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवन तोडीला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम ठेवली. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते, किनारा क्षेत्र प्राधिकरण आणि वन विभाग यांच्या मंजुऱ्या लागतात. निर्णय योग्यच होता. कांदळवन नसतं तर खाडीकाठ धुपला असता, मासे आणि खेकडे यांची पैदास थांबली असती, ज्यांच्यासाठी लोक लांबून नेरूळला येतात ते फ्लेमिंगो इथे उतरले नसते. तरीही या योग्य निर्णयाचा एक परिणाम असा की तलावातला गाळ वर्षानुवर्षं काढता आला नाही.

आता जुलैमधली एखादी सकाळ घ्या. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच दोन-तीन तासांत धुवाधार पाऊस. दारं बंद आहेत, तलाव गाळाने आधीच अर्धा भरलेला आहे, नाल्यांतलं पाणी मागे सरकून सखल सेक्टरांतल्या रस्त्यांवर येतं. मे महिन्यात नाला अगदी तळापर्यंत साफ केला असला तरी येतं. रहिवाशाला दिसतं घरापुढचं गुडघाभर पाणी, आणि त्या पाण्यात चप्पल हातात घेऊन उभा असलेला नगरसेवक. भरती दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. ज्या नगरसेवकाला भरतीचं वेळापत्रक कळतं तो आदल्या दिवशीच त्या वेळेसाठी उपशाचे पंप मागून ठेवतो, सखल भागातल्या तळमजल्यांना निरोप धाडतो, बैठ्या घरांतल्या आजारी माणसांना वेळेत हलवतो. यासाठी ठराव लागत नाही, निविदा लागत नाही. लागते फक्त समज आणि जागरण. मात्र तलावातला गाळ निघावा यासाठी अभ्यास अहवाल, मंजुऱ्या, न्यायालयातला अर्ज या वाटेनेच जावं लागतं, आणि ती वाट नगरसेवकाच्या पाच वर्षांच्या मुदतीपेक्षा लांब असते. ज्याने सुरुवात केली त्याला शेवट पाहायला मिळेलच असं नाही. मतदाराने नगरसेवकाचं मोल करताना ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

बाकीच्या तक्रारी त्या मानाने छोट्या, पण रोजच्या. पावसाळ्याआधी झाडाच्या फांद्या छाटायच्या असतात. सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते. डासांसाठी धूर मारून जाणारी गाडी लोकांना दिसते म्हणून हवीशी वाटते, खरा उपयोग गच्चीवरच्या टाकीचं झाकण आणि कुंडीखालची बशी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचा असतो. भटक्या कुत्र्यांना पकडून दूर सोडा, ही मागणी नगरसेवकाला पुरी करता येत नाही. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच भागात परत सोडावं, असा केंद्राच्या २०२३ च्या नियमांचा सर्वसाधारण दंडक आहे. त्याच्या हातात उरतं ते निर्बीजीकरणाची गाडी आपल्या सेक्टरात नियमाने येते का ते पाहणं.

नगरसेवक आणि आयुक्त यांच्यातला ताण नवी मुंबईने एकदा फार जवळून पाहिला. मे २०१६ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. अतिक्रमणांवर कारवाई, प्रशासनात काटेकोरपणा, आणि शनिवारी सकाळी उद्यानांत लोकांना थेट भेटण्याचा ‘वॉक विथ कमिशनर’ हा उपक्रम. लोक रांगा लावून तक्रारी मांडू लागले. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला सभागृहाने त्यांच्यावर अविश्वास ठराव आणला आणि तो १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. बरेच नागरिक आयुक्तांच्या बाजूने उभे राहिले. राज्य सरकारने त्या वेळी त्यांना हलवलं नाही, बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये. या प्रकरणात लोकांचा राग समजण्यासारखा होता, कारण त्यांना पहिल्यांदाच प्रशासनाच्या प्रमुखाशी मधल्या माणसाशिवाय बोलता आलं होतं. पण साडेदहा महिन्यांत तो प्रमुख गेला आणि उद्यानातली शनिवारची रांगही त्याच्याबरोबर गेली. अधिकारी बदलून जातो हे त्याच्या नोकरीचं स्वरूपच आहे. नगरसेवकाचं घर त्याच सेक्टरात असतं, त्याची मुलं त्याच शाळेत जातात. लोकांनी मधला माणूस नको म्हणण्यापेक्षा मधला माणूस चांगला हवा म्हणावं, असं मला या साऱ्यातून वाटतं.

तो माणूसच नसला तर काय होतं, हेही नेरूळने अनुभवलं. एप्रिल २०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. करोनाची साथ आली, मग इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, मग प्रभागरचना पुन्हा पुन्हा बदलली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असं संविधानातला अनुच्छेद २४३-यू सांगतो. प्रत्यक्षात साडेपाच वर्षांहून जास्त काळ आयुक्तच प्रशासक होते. स्थायी समिती तेच, सर्वसाधारण सभाही तेच. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. शहर थांबलं नाही, हे खरं आहे. याच काळात नवी मुंबई स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वरच्या क्रमांकांत राहिली. मग उणीव कुठे जाणवली? ती लहान ठिकाणी जाणवली. आधारकार्डावरचा पत्ता बदलायला ज्यांच्याकडे भाडेकरार किंवा वीजबिल नसतं, त्यांना लोकप्रतिनिधीचं ठरावीक नमुन्यातलं, फोटोवर सही-शिक्का असलेलं प्रमाणपत्र चालतं. नगरसेवक ते देऊ शकतो. माजी नगरसेवक देऊ शकत नाही. नेरूळच्या खोल्यांत भाड्याने राहणारा रंगारी, घरकाम करणारी बाई, गावाकडून शिकायला आलेला मुलगा यांना त्या एका कागदासाठी आमदारांचं कार्यालय किंवा राजपत्रित अधिकारी शोधावा लागला. माजी नगरसेवक लोकांचे फोन घेत राहिले, विभाग कार्यालयात जात राहिले, पण अधिकाऱ्यासमोर ते आता एक नागरिक होते. त्यांना सभागृहात प्रश्न विचारता येत नव्हता, कारण सभागृहच भरत नव्हतं. पाच-सहा अर्थसंकल्प कुणीही जाहीरपणे खोडून न काढता मंजूर झाले.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. नवी मुंबईत नगरसेवकांची संख्या पूर्वीसारखीच १११, त्यांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. बदललं ते प्रभागाचं रूप. २०१५ मध्ये एका प्रभागाला एक नगरसेवक होता आणि २०११ च्या जनगणनेतली सव्वाअकरा लाखांच्या आसपासची लोकसंख्या धरली तर सरासरी दहा हजार माणसांमागे एक. आता २८ प्रभाग, त्यांतले २७ चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा. मतदाराने चार वेळा बटण दाबलं आणि त्याला चार नगरसेवक मिळाले.

यात फायदा आहे असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की मोठ्या प्रभागात चौघे मिळून मोठी कामं मागू शकतात, एक दाद देत नसेल तर दुसऱ्याकडे जाता येतं. मला धोका जास्त दिसतो. चेंबर भरल्याचा फोन चौघांपैकी कुणाला लावायचा? गटार झालं तर चौघांचे फलक लागतील, नाही झालं तर चौघं एकमेकांकडे पाहतील. दहा हजार माणसांत नगरसेवकाला घरं ओळखता येत होती. चाळीस हजारांत त्याला सेक्टर ओळखू येतील, घरं नाहीत. चौघांनी आपसात सेक्टर वाटून घेतले तर काम सोपं होईल. ही वाटणी कायद्यात नाही, त्यामुळे रहिवाशांनाच ती मागून घ्यावी लागेल, आणि लेखी मागावी लागेल.

सोसायटीच्या सचिवाला यातून करता येण्याजोगं बरंच आहे. तक्रार लिहिताना सेक्टर, भूखंड क्रमांक आणि जवळच्या खांबाचा नंबर लिहावा. आतलं चेंबर आणि बाहेरचं चेंबर कुठलं, हे दाखवणारा हातानं काढलेला नकाशा जोडावा. सिडकोचा जुना आराखडा मिळाला तर उत्तमच. अर्ज विभाग कार्यालयात द्यावा, आवक क्रमांक घ्यावा आणि त्याची प्रत प्रभागातल्या चारही नगरसेवकांना द्यावी, चौघांची नावं अर्जाखाली लिहून, म्हणजे प्रत कुणाकुणाला मिळाली हे प्रत्येकाला दिसेल. काम मोठं असेल तर दिवाळीनंतर लगेच पुन्हा एक पत्र द्यावं आणि त्यात स्पष्ट विचारावं की येत्या अर्थसंकल्पात या कामासाठी तरतूद सुचवली आहे का, आणि सुचवली असेल तर कोणत्या लेखाशीर्षाखाली. या प्रश्नाचं उत्तर ‘हो, बघतो’ असं देता येत नाही.